सरांची पावडर

शब्बीरभाई,

तुमचा चाळिसावा होऊन आज सहा दिवस झाले. त्या दिवशी मी आलो, जेवलो, तुमच्या मुलाच्या, सलीमच्या पाठीवर हात ठेवला आणि कुणाशी फारसं न बोलता मळवली स्टेशनवर परत गेलो. परवा भाभींचा फोन आला म्हणून पुन्हा आलो. गुडघे हल्ली पायरी दिसली की कुरकुरतात, ते तुम्हाला नवीन नाही. तुम्ही गेलात याचं दुःख आहेच, पण खरं सांगायचं तर दुःखापेक्षा दमणूक जास्त आहे. एका माणसाशी वर्षानुवर्षं एकच वाद घालावा आणि तो माणूस मधूनच उठून जावा, म्हणजे मागे राहिलेल्यानं काय करायचं? माझ्या बाजूचे मुद्दे अजून शिल्लक आहेत. ते घेऊन मी आता कुणाच्या दुकानात जाऊन बसू?

तुमच्याबद्दल चांगलं बोलायचं काम बाकीच्यांनी केलंय. भाजे गावापासून लोहगडवाडीपर्यंतची माणसं त्या दिवशी आली होती, आणि सगळ्यांना तुमच्या जांभळाच्या सरबताची आठवण होती. मी ऐकत होतो आणि मनात एकच गोष्ट घोळत होती, ती पावडर. तुम्ही तिला सगळ्यांसमोर ‘सरांची पावडर’ म्हणायचात. त्या दिवशीही कुणीतरी कौतुकानं म्हणालं, सरांनी पावडर दिली नसती तर शब्बीरभाईचं दुकान उभंच राहिलं नसतं. मी हातातला घास ताटात परत ठेवला.

आपली पहिली भेट मला लख्ख आठवते. मी लोणावळ्याच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत होतो. मधल्या सुट्टीत तुम्ही प्रयोगशाळेच्या दारात उभे, हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी, जिवंत कोंबडी धरावी तसं अंगापासून लांब धरलेलं. आत जांभळाच्या सरबताची बाटली होती. नवीन धंदा, भाजे रस्त्यावर छोटं दुकान, लेणी बघायला येणारी माणसं गिऱ्हाईक. आणि बाटल्या फुटत होत्या. आदल्या दिवशी चार एकदम फुटून घराच्या छतापर्यंत जांभळं शिंतोडे उडाले होते. तुमची काळजी मात्र काचेची नव्हती. तुम्ही आवाज खाली आणून विचारलंत, “सर, ह्याची दारू तर न्हाई ना झाली? तसं असंल तर मला घरात ठेवता यायचं न्हाई.”

मी खरं तेच सांगितलं. किण्व, साखर, गॅस, आणि हो, थोडी दारूही. तुमचा चेहरा पडला. मग मी तुम्हाला सोडियम बेन्झोएट सांगितलं. खरं तर आधी दुसरीच पावडर सांगितली होती आणि तिनं जांभळाचा रंग पार उडवला, सरबत धुतलेल्या शाईसारखं दिसायला लागलं. ती चूक तुम्ही पुढं प्रत्येक नवीन माणसाला सांगायचात, माझ्यादेखत. मग बेन्झोएट आणलं. शाळेच्या तराजूवर मी ते वजन करून पुड्या बांधून दिल्या, एका घाण्याला एक पुडी. बाटल्या फुटायच्या थांबल्या. तुम्ही पेढे घेऊन आलात आणि म्हणालात, आता हे पोरांना द्यायला भीती न्हाई. तुमच्यासाठी ती पावडर म्हणजे सरबत हलाल ठेवणारी चीज होती. माझ्यासाठी नववीच्या पुस्तकातला एक क्षार. आपण दोघं खूश होतो.

त्याच उत्साहात मी तुम्हाला फळीची पद्धत लावून दिली. प्रत्येक घाण्यातली एक बाटली बाजूला काढायची, तिच्यावर तारीख लिहायची आणि वर्षभर फळीवर ठेवायची. कुणाची तक्रार आली तर आपल्याकडे नमुना हवा. तुम्ही ती पद्धत नमाजासारखी पाळलीत. सरबत वाढलं, मग करवंदाचं लोणचं आलं, मग जॅम, मग लोहगडवाडीच्या भजीवाल्यांसाठी मिरची-टोमॅटोचा सॉस. एका फळीच्या चार फळ्या झाल्या. तपासणीला साहेब यायचे, बाटल्या न्यायचे, प्रमाण नेहमी नियमात. कारण ती पुडी तुम्ही दुसऱ्या कुणाला कधी घालू दिली नाही. चष्मा लावून, स्टुलावर बसून, स्वतःच्या हातानं घालायचात आणि तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही.

पण वर्ष झाल्यावर त्या बाटलीचं काय करायचं, हे मी सांगितलंच नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही. प्रयोगशाळेत आम्ही काम झालं की ओतून देतो. तुमच्या घरात अन्न ओतून देत नाहीत. वर्ष झालेली बाटली फळीवरून खाली यायची आणि सरळ स्वयंपाकघरात जायची. ताजा माल दुकानात, वर्षाचा माल घरच्या ताटात. सकाळी भाकरीला जॅम, दुपारी लोणचं, संध्याकाळी भजीला सॉस, आणि कुणी आलं-गेलं की सरबत. गिऱ्हाईक वर्षातून एकदा एखादी बाटली घेऊन पुण्याला जायचं. तुम्ही मात्र प्रत्येक घाण्याचा नमुना खाऊन संपवत होतात, वर्षानुवर्षं. नियमातलं प्रमाण एका बाटलीचं असतं हो, शब्बीरभाई. अख्खी फळी खाणाऱ्या माणसाचा विचार ते ठरवणाऱ्यानं केलेला नसतो. आणि पद्धत लावून देणाऱ्या मास्तरानंही केला नव्हता.

मलाही ते उशिराच कळलं. दर रविवारी येऊन तुमच्याकडे भजी खाणारा मी, माझ्याही ताटात तोच सॉस असायचा आणि मी वर मागून घ्यायचो. यायला जमलं नाही की तुम्ही फोनवर म्हणायचात, “कधीबी या सर, आपलं वर्षभर टिकतंय.” हा तुमचा ठरलेला विनोद. मी दर वेळी हसायचो.

मग तो गल्ल्यावरचा प्रकार झाला. तुम्ही उभे होतात आणि एकदम दुकान फिरल्यासारखं झालं म्हणालात. रक्तदाब एवढा वाढला होता की तळेगावच्या डॉक्टरांनी दोनदा मोजला. मानेच्या शिरांची सोनोग्राफी केली. मी सोबत होतो. पडद्यावर ती शीर दिसत होती आणि डॉक्टर सांगत होते, शिरेच्या भिंती कडक झाल्यात, उन्हात पडलेल्या बागेच्या पाइपासारख्या. त्यांनी खाणं विचारलं. तुम्ही अभिमानानं सांगितलंत. ते लिहिता लिहिता थांबले. मग म्हणाले, यातलं मीठ तर उघडच आहे, मीठ हीसुद्धा टिकवायचीच वस्तू. बाकी ज्या पावडरी असतात त्यांचाही शिरांवर परिणाम होत असावा असा संशय आहे, पण खात्रीनं सांगता येत नाही, आणि तुमच्या बाबतीत एका गोष्टीवर बोट ठेवता येणार नाही. वय आहे, घराण्यात रक्तदाब आहे, तंबाखू होती. पण बाटलीतलं खाणं बंद करा.

तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि मग विचारलंत, “डॉक्टरसाब, ज्यानं फळ नासत न्हाई, त्यानं मानूस कसा नासंल?”

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. प्रश्न चुकीचा होता, पण उत्तर देणं माझं काम होतं आणि मी खिशातला रुमाल काढून चष्मा पुसत बसलो.

तिथून आपला वाद सुरू झाला. मी दर रविवारी यायचो आणि दर रविवारी तेच बोलायचो. फळीवरच्या जुन्या बाटल्या ओतून द्या, निदान तुम्ही खाऊ नका. तुम्ही कधी टाळायचात, कधी विषय बदलायचात, कधी मुद्दाम माझ्यासमोर जॅमची बाटली उघडून बोटानं चाटायचात आणि माझं तोंड बघायचात. तुमच्या मते मी मास्तर असल्यामुळे मला परीक्षा घेतल्याशिवाय करमत नव्हतं. कधीकधी तुमचं बिनतोड असायचं. तुम्ही म्हणालात, बायाबापड्या डोंगरातनं करवंदं आणतात, चार महिन्यांत हंगाम संपतो, पावडर नसली तर त्या फळांचं आणि त्या बायांचं काय?  दुकानाबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. माझं म्हणणं तुमच्या ताटाबद्दल होतं.

एकदा मात्र मी आवाज चढवला. तुमच्या उजव्या हातातली शक्ती गेली त्याच्या महिनाभर आधीची गोष्ट. मी म्हणालो, तुम्ही अडाण्यासारखं वागताय. भाभी आतून बाहेर आल्या. तुम्ही माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणालात, “सर, फळी तुमीच लावली.” बस्स, तेवढंच. मी चपला घातल्या आणि निघालो. तीन आठवडे आलो नाही. तुम्हाला वाटलं असेल मी रागावलो. शब्बीरभाई, मी रागावलो नव्हतो. मला लाज वाटली होती. ते एक वाक्य मी स्वतःला केव्हाच ऐकवलं होतं, फक्त तुमच्या तोंडून ऐकायची तयारी नव्हती.

चौथ्या आठवड्यात सलीमचा फोन आला, बाबांचा हात उचलत नाही. मी धावत आलो. तुम्ही खाटेवर बसला होतात, डाव्या हातानं चहाचा कप धरून. मला बघून म्हणालात, बसा, भजी करायला सांगतो. आपण त्या वाक्याबद्दल परत कधी बोललो नाही. मी ‘माझं चुकलं’ म्हणणार होतो. पुढच्या रविवारी म्हणू, पुढच्या रविवारी म्हणू, असं करत वर्ष गेलं.

हात गेल्यावर दुकान सलीमनं दुसऱ्याला चालवायला दिलं, त्याला परंदवडीकडच्या कारखान्यातली नोकरी सोडणं जमण्यासारखं नव्हतं. घाणे बंद झाले. तरी या जूनमध्ये तुम्ही हट्टानं एक पातेलं जांभळं आणवलीत. घरापुरतं, सहा बाटल्या. आणि तुमचा मला फोन आला. जीभ थोडी जड झाली होती, पण शब्द कळत होते. तुम्ही म्हणालात, “सर, सरबत केलंय. ह्याच रविवारी या.” मी म्हणालो, या रविवारी नको हो, पावसाळी गर्दी आहे, भाजे रस्ता गाड्यांनी भरलेला असतो, माझे गुडघे चालू देत नाहीत. पुढच्या महिन्यात येतो. तुम्ही म्हणालात, “पुढच्या न्हाई. ह्याच.” आणि मी हसून तुमचाच विनोद तुम्हाला ऐकवला. म्हणालो, घाई कसली शब्बीरभाई, आपलं वर्षभर टिकतंय की.

फोन तसाच चालू होता, मागे भाभींच्या भांड्यांचा आवाज येत होता. मग ठेवलात.

तीन आठवड्यांनी तुम्हाला मोठा झटका आला. दवाखान्यात मी बाकावर बसून होतो, आत सोडलं तेव्हा तुमचे डोळे उघडे होते. मी तुमचा डावा हात धरला आणि तिथंही बोललो नाही. नर्स होती, सलीम होता, लाज वाटली. माफी मागायलासुद्धा माणसाला एकांत लागतो असं मला वाटत होतं.

परवा भाभींनी फोन करून विचारलं, फळीचं काय करू. सलीम म्हणतो फेकून द्या, त्यांचं मन होत नव्हतं. मी आलो. छतावरचे पहिल्या वर्षीचे जांभळे डाग अजून आहेत, तुम्ही इतक्या वेळा घराला रंग दिलात पण तेवढ्या भागाला देऊ दिला नाहीत. खाली चार फळ्या, बाटल्या तारखेप्रमाणे लावलेल्या, जुन्या डावीकडे, नव्या उजवीकडे. सगळ्या स्वच्छ, सगळ्या चांगल्या. मी एक लोणचं उघडून बघितलं. वास अगदी ताजा. तुम्ही नाही आणि तुमचं लोणचं आहे, याचा मला त्या क्षणी राग आला.

मी भाभींना म्हणालो, मला काही बोलायचंय. त्या जमिनीवर बसल्या, मी स्टुलावर, तुमच्याच. मी म्हणालो, पावडर मी शिकवली, फळी मी लावली, आणि वर्षानंतर ती बाटली फेकायची हे सांगायला मी विसरलो. डॉक्टर काहीही म्हणोत, यात माझा वाटा आहे. हे शब्बीरभाईंना सांगायचं होतं, राहून गेलं.

भाभी म्हणाल्या, “सर, ते तर मागायचेबी न्हाईत. ताटात मीच वाढायचे. वाया जाऊ नये म्हनून. डॉक्टरनी सांगितल्यावरबी थोडं थोडं वाढत गेले, संपतंय तर संपू दे म्हनून.”

मला वाटत होतं, ओझं माझ्या एकट्याच्या डोक्यावर आहे. आणि इथं चाळीस दिवस त्या बाईनं रोज रिकाम्या ताटाकडे बघत तेच ओझं वाहिलं होतं, कुणाला न सांगता. मी म्हणालो, भाभी, तुमचं काही चुकलं नाही. त्या म्हणाल्या, मग तुमचं तरी काय चुकलं? आम्ही दोघंही एकमेकांना माफ करायला तयार होतो. ज्यानं माफ करायचं तो माणूस नव्हता.

मग आम्ही बाटल्या ओतायला लागलो. परसात मोरीपाशी त्या बसल्या, मी फळीवरून एकेक आणून देत होतो. जॅम चमच्यानं काढावा लागत होता. दोघंही थकलो. शेवटच्या फळीच्या अगदी उजव्या टोकाला एक बाटली आडवी पडलेली होती. उचलली तर हाताला टणक लागली. प्लॅस्टिकची बाटली, पण दगडासारखी घट्ट फुगलेली, बूड गोल झालेलं, उभी राहायला तयार नाही. तिच्यावर तारीख नव्हती. चिकटपट्टीवर पेननं, डाव्या हाताच्या वाकड्या अक्षरात एकच शब्द होता, ‘सर’.

मी भाभींना विचारलं, ही कुठली. त्या म्हणाल्या, जूनमधली. सहा भरल्या होत्या. पाच त्यांनी आठ दिवसांच्या आत संपवायला लावल्या, नातवंडांना पाजल्या, शेजारी वाटल्या, ठेवू नका ठेवू नका म्हणून मागं लागले होते. ही एक तुमच्यासाठी फ्रीजमध्ये ठेवली होती. दवाखान्याच्या धावपळीत फ्रीज बंद केला, तेव्हा मी फळीवर ठेवली.

मी झाकण सैल केलं. फेस उसळून हातावर, शर्टावर, मोरीच्या भिंतीवर आला. तोच वास, गोणपाटात गुंडाळून आणलेल्या त्या पहिल्या बाटलीचा. भाभींनी पदर नाकाला लावला. त्या म्हणाल्या, “पावडर घालायला विसरले वाटतं.” आणि त्यांना रडू आलं, हातासारखं डोकंही गेलं होतं असं वाटून.

नाही भाभी, मी म्हणालो, विसरले नव्हते. एवढंच म्हणता आलं.

इतक्या वर्षांत तुमच्या हातचं काही नासलेलं मी पाहिलं नव्हतं. हे माझ्यासाठी नासलं. तुम्ही पुडी घातली नाहीत, मुद्दाम, चष्मा लावून, स्टुलावर बसून. वाद तुम्ही तोंडानं सोडला नाहीत, तो तुमचा स्वभावच नव्हता. तुम्ही तो सरबतात सोडलात आणि मला प्यायला बोलावलंत. एका मास्तराला एवढी साधी गोष्ट कळू नये? ज्या माणसानं मला आयुष्यभर कधीही या म्हणून सांगितलं, त्यानं पहिल्यांदाच दिवस सांगितला होता.

भाभी म्हणाल्या, हे आता घरात नको, तुम्हाला ठाऊकच आहे. मी ते सगळ्यात शेवटी माझ्या हातानं ओतलं. जांभळा फेस मोरीतून हळूहळू खाली गेला. चिकटपट्टी तेवढी सोलून खिशात ठेवली आहे.

त्या रविवारी ते गोड असणार, शब्बीरभाई. आणि माझं चुकलं.